उपरण्याखालचा नकार

मोताळ्याच्या बैलबाजारात कडूबा दलालाआधी त्याचं उपरणं ओळखू येई. मुळात ते पांढरं होतं असं कडूबा म्हणे, आणि ते खोटं ठरवायला इतका जुना साक्षीदार कोणी उरला नव्हता. तीस वर्षं त्या उपरण्याखाली विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे हात गेले, कडूबाची बोटं मधे फिरली आणि सौदे झाले. एक बोट म्हणजे दहा रुपये. दलालानं समोरच्याच्या तळव्यावर बोटं टेकवायची. कबूल असेल तर त्यानं ती दाबायची, नसेल तर हात मागं ओढून घ्यायचा. हात ओढला की सौदा मोडला. तोंडानं एक शब्द नाही. बघ्यांना नुसते चेहरे दिसत, आणि बैलबाजारात चेहऱ्यावर विश्वास ठेवणारा माणूस दुसऱ्यांदा बाजारात येत नसे. त्याच्याकडं पैसेच उरत नसत.

कोणाचं बोट कुठं थांबलं, हे कडूबानं कधी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. एकदा सौदा तिच्या सख्ख्या भावाचा होता, तेव्हा तिनं तीन दिवस भाकरी करपवली, पण कडूबानं करपलेली भाकरी खाल्ली आणि तोंड मिटून ठेवलं.

त्या वेळी वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर चाले. तालुका मलकापूरला, जिल्हा बुलडाण्याला आणि सरकार नागपूरला. आजारी माणसाचा अर्ज या तिन्ही ठिकाणी फिरून येईस्तोवर माणूस बरा तरी झालेला असे, नाहीतर सुटलेला तरी. म्हणून गावातल्या जाणत्यांनी एक चांगलं काम केलं. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जोडीमागं दोन आणे काढून ठेवायचे आणि ज्याला गावच्या दवाखान्यात इलाज नाही त्याला त्यातून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. आजारी मदत फंड असं त्याचं नाव. पाच पंच नेमले. अध्यक्ष वामनराव देशमुख. त्यांची जमीन इतकी होती, की दुसरा कोणी अध्यक्ष केला असता तर सभा भरवायला त्यांच्याच शेतातून जावं लागलं असतं.

आता अर्ज मंजूर-नामंजूर करायचा कसा, हा प्रश्न आला. गावात तोंडावर नाही म्हणणं सोपं नसतं. ज्याला नाही म्हणालो त्याच्या विहिरीवर आपली मोट, त्याच्या भाचीशी आपल्या पुतण्याचं लग्न ठरलेलं. वामनरावांनी तोड काढली. फंड बैलबाजाराचा, तर रीतही बैलबाजाराची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर खर्चाचा आकडा असतोच. दलालानं तेवढी बोटं घेऊन उपरण्याखालून पाचही पंचांकडं फिरावं. पाचांनी दाबली तर मंजूर, एकानंही हात ओढला तर नामंजूर. कोणी ओढला हे दलालाला कळेल, आणि कडूबाला कळलेली गोष्ट म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

चार वर्षं हे बरं चाललं. अकरा माणसं नागपूरला गेली, त्यातली नऊ परत आली आणि दोन बरी होऊन तिथंच गिरणीत कामाला लागली. मग जुन्या पंचांपैकी एक वारले आणि दिवाळीनंतर त्यांच्या जागी शाळेचे हेडमास्तर पंजाबराव आले.

पंजाबराव खामगावच्या पेठेत वाढलेले. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी बैल विकला नव्हता की घेतला नव्हता. माणूस मृदू. पोरांना पाट्या स्वतःच्या पैशानं देणारा. अशा माणसाला पंच केलं म्हणून गाव खूश झालं, आणि तेव्हापासून एकही अर्ज मंजूर झाला नाही.

एक नाही, दोन नाही, ओळीनं सात. दर सभेत कडूबा चार पंचांकडून होकार घेऊन मास्तरांपर्यंत पोहोचे. उपरण्याखाली त्यांच्या तळव्यावर बोटं टेकवी. मास्तर आढ्याकडं बघत, जबडा घट्ट आवळत आणि उपरण्याच्या आतल्या आत सर्रकन हात ओढून घेत. दया नाही, माया नाही, चेहऱ्यावर सुरकुती नाही. कडूबानं बाजारात कसाई पाहिले होते. त्यांचाही हात इतक्या झटक्यानं मागं गेला नव्हता. पाचही हात झाले की 'सौदा मोडला' असं तो मोठ्यानं सांगे आणि पंचांतलेच एक, चिटणीस नारायणराव, वहीत लिहीत, 'अर्ज नामंजूर. कारण : विचारान्ती.'

गावानं आपल्या अकलेनं गुन्हेगार शोधला, तो नारायणरावच. जिनिंगमध्ये मुनीम असलेला हा माणूस कंजूष म्हणून आधीपासून प्रसिद्ध. गावात कोणी त्यांना काही बोललं नाही. न्हाव्याचा वस्तरा मात्र त्यांच्याच गालावर बोथट होई, आणि भाजीबाजारात त्यांच्या पिशवीत नेमकी बियांची वांगी जात. नारायणराव बापडे प्रत्येक सभेत बोटं इतकी जोरानं दाबत, की कडूबाला घरी जाऊन तेल लावावं लागे. पण हे कडूबा कोणाला सांगणार?

बियांची वांगी देणारी झुंबरबाई. गावाबाहेरच्या मळ्यात तिची वांगी, मिरच्या, मेथी. नवरा कारभारी नावाचा. नावात कारभार होता, बाकी सगळा कारभार झुंबरबाईचा. पौषात कारभारीला मुतखड्यानं धरलं. आधी माणूस वाकून चालू लागला, मग चालेना. दवाखान्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिली: खडा मोठा आहे, नागपूरला कापून काढावा लागेल, दोन महिने गेले तर मग नेऊन उपयोग नाही. ऑपरेशन फुकट. जाण्यायेण्याला, आणि सोबतच्या माणसाच्या राहण्याखाण्याला चाळीस रुपये.

चाळीस म्हणजे चार बोटं. चार बोटं पाचव्या पंचापर्यंत गेली आणि सौदा मोडला. सातवा अर्ज तो हाच.

पुढच्या बाजारी झुंबरबाई भाजीचं टोपलं शेजारणीच्या हवाली करून सरळ बैलबाजारात आली. तिथं बायका येत नसत. कडूबा एका जोडीचा सौदा करत होता. घेणारा दुसरबीडकडचा, लांबून आलेला. त्यानं डाव्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, मालकाच्या तोंडावर सांगितलं, की खांदा आलेला आहे, सुजलाय, जुवाखाली टिकणार नाही, आणि पुढं गेला. मालकानंही वाईट मानलं नाही. बैल घेऊन तो हळद लावायला गेला.

झुंबरबाईनं हे सगळं पाहिलं. मग म्हणाली, "कडूबाभाऊ, त्या बैलाले काऊन नापास केलं?"

"खांदा आला ना, वयनी. पाह्यलं नाई काय तुमी?"

"पाह्यलं. त्याच्या मालकाले सांगतलं ना पण. आता तो हयद लावन, पंधरा दिसानं पुन्हा आनन." तिनं पदर खोचला. "माह्या मानसाचा काय खांदा आला, ते सांगा. म्या वहीतलं वाचून घेतलं. विचारान्ती, म्हन्ते. विचारान्ती कोनती बिमारी हाये? तिले कोनता पाला लावू?"

कडूबा म्हणाला, उपरण्याखालची गोष्ट आहे, ती त्याला सांगता येत नाही.

"नाव नका सांगू. नाव घिऊन म्या काय करू? नाई म्हनलं त्याचा राग नाई मले. चार जनाचं भांडं हाये, नाई पुरत सगळ्याइले. पन काऊन नाई, एवढं सांगा. माहं काही चुकलं असन तर दुरुस्त करतो. माह्याहून गरजू कोनी असन तर त्याले जाऊ द्या, म्या गप बसतो."

खरं म्हणजे कडूबालाही कारण माहीत नव्हतं. कोणी हात ओढला हे माहीत होतं, का ओढला हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. बाजारात ते विचारायची गरजच नसे. घेणारा आपण होऊन सांगे. तीस वर्षांच्या धंद्यात हे आपल्या आज लक्षात यावं, आणि तेही एका वांगेवालीमुळं, याची त्याला थोडी लाज वाटली. अर्ज पुन्हा करता येतो एवढं सांगून त्यानं तिला वाटेला लावलं. पुढची सभा आठ दिवसांवर होती. कारभारीच्या दोन महिन्यांतले पाच आठवडे गेले होते.

मधल्या दिवसांत कडूबा शाळेच्या वाटेनं दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा आत शिरला. मास्तर वह्या तपासत होते. त्यांनी चहा मागवला. कडूबानं इकडचं तिकडचं काढून गाडी कारभारीच्या मुतखड्यावर आणली. मास्तरांचे डोळे भरून आले. म्हणाले, त्या बाईचा अर्ज नामंजूर झाल्यापासून त्यांना झोप नाही. पंचांत इतका निष्ठुर माणूस कोण असेल, याचाच ते विचार करतात. कोणाचं नाव घेणं बरं नाही, पण जिनिंगमधली माणसं आकड्यांत राहून राहून कोरडी होतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

कडूबा चहा अर्धा टाकून उठला. त्यानं खोटं बोलणारे खूप पाहिले होते, पण त्यांचे डोळे कधी भरून येत नसत. शहरातला माणूस शिकलेला असतो म्हणतात, ते यालाच, असं त्याला वाटलं. रस्त्यात त्याला नारायणराव भेटले, पिशवीत बियांची वांगी घेऊन. कडूबानं त्यांना विनाकारण रामराम केला.

सभा चावडीच्या ओसरीवर, दुपारी. पाच पंच गादीवर ओळीनं बसले. नेहमी अर्जदाराला बोलवायची रीत नव्हती. आजारी माणूस समोर असला की विचार नीट होत नाही, असं वामनरावांचं मत. पण त्या दिवशी ओसरीसमोर एक बैलगाडी उभी होती. गाडीत कडब्यावर कारभारी आडवा, त्याच्या उशाशी झुंबरबाई. गाडी कडूबाची होती.

कडूबा पुढं आला. खांद्यावर उपरणं नव्हतं. तीस वर्षांत त्याचा तो खांदा कोणी उघडा पाहिला नव्हता, त्यामुळं सगळ्यांना आधी वाटलं, त्याच्या घरी काही वाईट घडलं.

वामनरावांनी उपरण्याचं विचारलं. कडूबानं शांतपणे सांगितलं, की ते धुवायला टाकलं आहे. नारायणरावांनी आपलं उपरणं पुढं केलं. कडूबानं हात जोडले. "नको, मालक. हात तोच हाये, बोटं तीच हायेत. फक्त आज वरून झाकनार नाई. बजारात बैल नाई म्हनला तर मालकाच्या तोंडावर खोड सांगा लागते. इथं मानूस आनला हाये. नाई म्हना, हरकत नाई. पन काऊन नाई, ते त्या गाडीकडं पाहून सांगा."

वामनराव संतापले, पण देशमुखी बेतानं. म्हणाले, ही रीत मोडली तर उद्या पंच व्हायला कोणी तयार होणार नाही. गुप्तता आहे म्हणून माणूस न भिता निर्णय करतो. त्यात तथ्य होतं, आणि कडूबानं ते मानलं. तो एवढंच म्हणाला, की सौदा होईस्तोवर उपरणं असतं. सौदा झाला किंवा मोडला की ते बाजूला करून, आकडा नाही, पण झाला की मोडला आणि का, हे मोठ्यानं सांगायचं असतं. ही अर्धी रीत पंचांनी बाजारातून आणली नाही. आणि उपरणं घालूनच फिरायचं असेल, तर दुसरा दलाल पाहावा.

दुसरा दलाल सुलतानपूरला राहत होता आणि त्याला उजव्या हाताला तीनच बोटं होती. वामनरावांनी हात पुढं केला.

कडूबानं चार बोटं त्यांच्या तळव्यावर टेकवली. गाडीतून झुंबरबाई पाहत होती. वामनरावांनी बोटं दाबली. दुसऱ्यांनी वामनरावांकडं पाहून दाबली. तिसरे झोपेत होते, त्यांना हलवावं लागलं, मग त्यांनीही दाबली. चौथे नारायणराव, त्यांनी बोटं धरली ती सोडेचनात, आणि भाजीवालीनं हे नीट पाहिलं की नाही हे बघायला दोनदा मान वळवली.

मग पंजाबराव. कडूबानं त्यांच्यापुढं बसून श्वास घेतला. आज काय ते उघड्यावर. त्यानं मास्तरांच्या डोळ्यांत पाहिलं आणि चार बोटं त्यांच्या तळव्यावर टेकवली.

मास्तरांनी आढ्याकडं पाहिलं, जबडा आवळला आणि सर्रकन हात ओढून घेतला.

नारायणरावांच्या तोंडून नुसता 'हां' असा आवाज निघाला. तीन महिन्यांची वांगी त्या एका आवाजात होती. झुंबरबाई गाडीतून उतरली आणि ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"काऊन, मास्तर?"

मास्तरांना प्रश्नच कळेना. म्हणाले, काय काऊन?

"हात ओढला तुमी. नाई म्हनले. काऊन नाई?"

"मी? नाही कुठं म्हणालो? मी तर हात पुढं केला." मास्तर एकेकाच्या तोंडाकडं बघू लागले. "वामनरावांनीच सांगितलं होतं, तुम्ही फक्त हात पुढं करा, बाकी दलाल पाहून घेईल. मी दर वेळी करतो."

"आणि मागं काऊन घेता?" हे कडूबानं विचारलं. त्याचा आवाज फार हळू होता.

मास्तर लाल झाले. शाळेच्या दोनशे पोरांना ज्यांचा धाक, त्या माणसानं मान खाली घातली. "गुदगुल्या होतात हो," ते म्हणाले. "लहानपणापासून आहेत. तळव्याला कोणाचं बोट लागलेलं मला सोसत नाही. आजारी माणसाचा विषय आणि आपण हसायचं, हे बरं दिसत नाही, म्हणून मी कसंबसं आवरून धरतो."

कोणी हसलं नाही. हसावं असं एकाच वेळी सगळ्यांच्या मनात आलं असणार, पण त्याच्या मागोमाग दुसरं काही तरी आलं. वामनरावांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. हात ओढणं म्हणजे नकार, हे मोताळ्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून मास्तरांना ते सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं. मास्तरांनी विचारलं नव्हतं, कारण पंचानं विचारायचं नसतं. कडूबानं सांगितलं नव्हतं, कारण दलालानं सांगायचं नसतं. सगळ्यांनी आपापली रीत अगदी चोख पाळली होती.

"सात जन," कडूबा म्हणाला.

कारभारीचा अर्ज मंजूर झाला. मास्तरांनी या वेळी तोंडानं हो म्हटलं, दोनदा. गाडी तिथूनच मलकापूर स्टेशनाकडं निघायची होती, पण झुंबरबाई पायरीवरून हलली नाही. मागच्या अर्जाचं काय, असं तिनं विचारलं. वामनराव म्हणाले, आता तर मंजूर झाला, मागचं कशाला? तिचं म्हणणं असं, की वहीत विचारान्ती असं लिहिलेलं आहे, आणि तिच्या घराण्याचं नाव त्या ओळीत आहे. उद्या कोणी वाचलं तर म्हणेल, यांच्यात काही खोट होती म्हणून पंचांनी विचार करून नाही म्हटलं. खरं कारण लिहा.

वामनरावांनी सुचवलं, की 'काही तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहावं. वही वर्षातून एकदा बुलडाण्याच्या साहेबापुढं जाते. पण लेखणी नारायणरावांच्या हातात होती, आणि नारायणरावांनी हिवाळाभर बिया चावल्या होत्या. त्यांनी जुनं पान उलटलं, 'विचारान्ती' खोडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'अर्ज नामंजूर. कारण : पंचास गुदगुल्या.' मग ते मोठ्यानं वाचून दाखवलं. हात लागलाच आहे तर म्हणून त्यांनी मागची पानंही चाळली आणि अध्यक्षांच्या खास अधिकारात, उपरणं न फिरवता मंजूर झालेली एक नोंद वाचली: वामनरावांचे साडू, चिखलदऱ्याला हवापालट, पन्नास रुपये, तातडीचे. कारणाचा रकाना कोरा होता. तिथं काय लिहायचं, असं त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं.

वामनराव बराच वेळ विड्याचं पान जुळवत राहिले. मग म्हणाले, "कोरंच राहू द्या. पैसे उद्या भरतो."

गाडी गेली. कारभारी नागपूरला पोहोचला, खडा निघाला, आणि तो खडा पुढं कित्येक वर्षं झुंबरबाईनं कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवला होता आणि भाजी घ्यायला घरी आलेल्याला तो पाहावाच लागे. फंडाची सभा तेव्हापासून उघड्यावर भरू लागली. अर्जदार समोर, होकार-नकार तोंडानं, आणि नकार असला तर कारण त्याला वाचून दाखवायचं. भांडणं वाढली. दोन पंचांनी राजीनामे दिले, एकाची सोयरीक मोडली. वामनराव म्हणाले होते ते अगदीच खोटं नव्हतं. सभेला दलाल मात्र लागेना.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सभा संपल्यावर कडूबानं नारायणरावांकडून उरलेल्या सहा जणांची नावं लिहून घेतली आणि मास्तरांना म्हणाला, चला. सहांपैकी चौघे अजून घरीच आजारी होते. त्यांना नवे अर्ज करायला सांगितलं. पाचवा जमीन गहाण टाकून स्वतःच जाऊन आला होता. त्यानं दोघांना घरात घेतलं नाही.

सहाव्या घरी सत्यभामाबाई एकटी होती. तिचा नवरा माघात वारला. ती ओट्यावर तुरी निवडत होती. मास्तरांनी उभ्यानंच सांगितलं. नकार कसा झाला, का झाला, सगळं, आपल्या तोंडानं. कडूबानं मधे, बोटं आपली होती, आपण एकदा विचारायला पाहिजे होतं, एवढं घातलं.

सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला.

"म्हंजे आमचं काही चुकलं नोतं?" तिनं विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"त्याइले वाटे, मागच्या साली बजारात बैल विकून दोन आने द्याचे राह्यले, म्हून पंचाइनं नाई म्हनलं. मरेस्तोवर तेच बोलत होते. म्या ते दोन आने नेऊन देल्ले मंग."

तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून दोघांपुढं धरला. मास्तरांनी हात पुढं केला. तांब्या घेताना तिची बोटं त्यांच्या तळव्याला लागली, आणि त्यांनी हात मागं घेतला नाही.